स्वतः टोचायचं इंजेक्शन: यंत्रणा सोपी कशी करावी, सुईपासून स्प्रिंगपर्यंत

मंगळवार पेठेत माझी आत्या राहते. संधिवातानं तिची बोटं वाकडी झालीत. सकाळी चहाचा कप दोन्ही तळहातांत धरावा लागतो. एकदा तिच्यापुढे मी ऑटोइंजेक्टरचा, म्हणजे स्वतः औषध टोचून घ्यायच्या पेनासारख्या यंत्राचा, सरावाचा नमुना ठेवला. आत सुई नाही, औषध नाही. म्हटलं, "आत्या, टोपण काढून दाखव." तिनं आधी बोटांनी ओढलं, मग पदराच्या टोकात धरून ओढलं. शेवटी टोपण दाढेखाली धरलं आणि पेन खेचलं. निघालं. "असंच काढायचं असतं न्हवं?" तिनं विचारलं.

त्या नमुन्याचं ड्रॉइंग माझं होतं. १७ पार्ट, प्रत्येकाचं माप बरोबर, टोपण काढायला लागणारा जोरही आम्हीच कागदावर लिहिलेल्या मर्यादेत. तरी ते दातानं काढावं लागलं. पुढची दोन वर्षं मी ते यंत्र सोपं करण्यात घालवली आणि १७ चे ९ पार्ट झाले. पण पार्ट मोजत बसून ते झालं नाही. स्प्रिंगचा जोर कुठून निघतो, कशाकशातून जातो आणि कुठे संपतो, ती वाट आखूड आणि सरळ करत गेलो, तसे पार्ट आपोआप गळत गेले. कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींत मोल्ड, स्प्रिंग, जिग-फिक्श्चर करणारे माझे जे सोबती या कामाकडे वळू पाहतात, आणि डिप्लोमा-डिग्रीची जी मुलं वैद्यकीय उपकरणांत यायचं म्हणतात, त्यांच्यासाठी ही वाट पायरीपायरीनं लिहितोय.

आधी थोडी ओळख

स्वतः टोचून घ्यायच्या साधनांचे ढोबळ दोन प्रकार. एक पेन, म्हणजे इन्सुलिनचं असतं तसं: आत काडतूस, मागे फिरवून युनिट ठरवायचे, दर वेळी नवी सुई. असं पहिलं इन्सुलिन पेन, नोव्होपेन, १९८५ मध्ये बाजारात आलं. दुसरा प्रकार ऑटोइंजेक्टर: काचेची सिरिंज औषधासह भरूनच येते, मात्रा ठरलेली, एकदाच वापरायचं. याचं मूळ लष्करात आहे. विषारी वायूचा मारा झाला तर सैनिकाला स्वतःच्या मांडीत उतारा टोचता यावा म्हणून ही यंत्रं झाली. त्याच घराण्यातलं एपिपेन अमेरिकेत १९८७ मध्ये मंजूर झालं. आज संधिवात, सोरायसिस, अर्धशिशी, मधुमेह अशा अनेक दुखण्यांची औषधं या रूपात मिळतात. या लेखात मी दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलतोय.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. हे उपकरण वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ आणि औषधांचे कायदे यांच्या कक्षेत येतं. परवान्याशिवाय बनवलेला नमुना कुणालाही टोचायचा नाही, स्वतःलासुद्धा नाही. सगळ्या चाचण्या पाणी, ग्लिसरीन आणि रबराच्या उशीवर. गुणवत्तेच्या कारभारासाठी आयएसओ १३४८५, धोक्यांच्या हिशेबासाठी आयएसओ १४९७१, वापरसुलभतेसाठी आयईसी ६२३६६-१ आणि खुद्द यंत्रासाठी आयएसओ ११६०८ मालिका. या आंतरराष्ट्रीय मानकांचे कागद डिझाइन सुरू करायच्या आधी टेबलावर हवेत. शेवटी कागदपत्रं जुळवू म्हणणाऱ्याला मोल्ड परत कापावा लागतो.

पहिली पायरी: हाताच्या हालचाली लिहून काढा

कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग, उघडू नका. एक वही घ्या आणि माणसाचा हात काय काय करतो ते क्रमानं लिहा. माझ्या जुन्या यंत्रात क्रम असा होता: टोपण काढा, कातडीवर ठेवा, बटणाचं कुलूप फिरवा, बटण दाबा, थांबा, उचला. सहा कामं. त्यातली कुलूप आणि बटण ही दोन कामं रोग्याच्या उपयोगाची नव्हतीच; ती माझ्या यंत्राला हवी होती. चुकून सुटू नये म्हणून कुलूप, आणि कुलूप होतं म्हणून बटण वेगळं.

आता क्रम असा आहे: टोपण काढा, कातडीवर दाबा, आवाज ऐकून उचला. सुईभोवती एक नळी असते, तिला मी पुढची नळी म्हणतो. यंत्र कातडीवर दाबलं की ती आत सरकते, सुई हाताच्या जोरानंच आत जाते, आणि नळी पुरती आत गेली की स्प्रिंग सुटून औषध जातं. उचलल्यावर नळी परत पुढे येऊन कायमची अडकते, म्हणजे वापरलेली सुई कुणाला लागत नाही.

इथला सगळ्यात मोठा निर्णय म्हणजे सुई यंत्रानं खुपसायची की हातानं. जुन्या यंत्रात स्प्रिंग आधी सिरिंजच पुढे ढकलायची आणि मग दट्ट्या. त्यासाठी सिरिंज सरकायला जागा, पुढे तिला थांबवायला आधार, दट्ट्या आधी सुटू नये म्हणून आणखी एक खटका, असं लटांबर होतं. शिवाय धावत आलेली काच थांबताना आपटते. हातानं सुई घालायचं ठरवलं आणि एका निर्णयात पाच पार्ट गेले. तोटा आहे: सुई किती वेगानं जाते हे माणसाच्या हातावर राहतं आणि घाबरट माणूस अर्ध्यावर थांबू शकतो. म्हणून पुढच्या नळीची स्प्रिंग अशी निवडावी की सुरुवातीला दाब जाणवतो, मग हात एकदम आत जातो. हा गुण आत्यासारख्या दहा-बारा जणांच्या हातात नमुना दिल्याशिवाय जमत नाही.

दुसरी पायरी: हिशेब सुईकडून मागे करा

बहुतेक जण स्प्रिंगपासून सुरुवात करतात. उलट करा. औषध सुईतून जायला किती जोर लागतो ते आधी काढा.

१ मिलीच्या लांब काचेच्या सिरिंजचा आतला व्यास ६.३५ मिमी असतो. म्हणजे क्षेत्रफळ ३१.७ चौरस मिमी, आणि १ मिली औषधासाठी दट्ट्या साधारण ३२ मिमी सरकतो. आता उदाहरणासाठी काही आकडे धरू: औषध पाण्याच्या सहापट दाट, सुईचा आतला व्यास ०.२५ मिमी, सुईची एकूण लांबी १९ मिमी, वेळ ८ सेकंद. बारीक नळीतून वाहणाऱ्या द्रवाचं हागेन-प्वासेयचं सूत्र लावलं की दाब येतो साधारण १.५ बार, आणि दट्ट्यावरचा जोर ४.७ न्यूटन. रबरी बुचाचं काचेशी घर्षण ५ न्यूटन धरलं तर एकूण १० न्यूटनच्या आसपास. किलोच्या भाषेत, एक किलो.

या सूत्रात व्यासाचा चौथा घात आहे. सुई ०.२५ ऐवजी ०.२१ मिमीची घेतली तर ४.७ चे ९.४ होतात. फ्रिजमधून काढून लगेच टोचलं, औषध थंडीनं दुप्पट दाट झालं, की परत दुप्पट. बारीक सुई दुखत नाही म्हणून मागणी येते, ती रास्तच आहे. पण त्या चार शतांश मिलिमीटरची किंमत स्प्रिंग, खटका, काच असे सगळे मोजतात. औषध कंपनीच्या माणसाबरोबरच्या पहिल्याच बैठकीत दोन प्रश्न विचारा: पातळ भिंतीची सुई चालेल का, आणि ८ ऐवजी १० सेकंद चालतील का. या दोन उत्तरांनी जेवढं यंत्र सोपं होतं तेवढं नंतरच्या सहा महिन्यांच्या ड्रॉइंगनं होत नाही.

तिसरी पायरी: स्प्रिंग

शेवटच्या थेंबापर्यंत किमान १० न्यूटन हवेत. थोडी शिल्लक धरून शेवटी १२ ठेवू, सुरुवातीला २०. म्हणजे ३२ मिमीत ८ न्यूटन उतार, दर मिलिमीटरला ०.२५ न्यूटन. ही मऊ आणि लांब स्प्रिंग आहे. सुरुवातीला ती ८० मिमी दाबलेली असणार. ०.७ मिमी स्टेनलेस तार, ५ मिमी सरासरी व्यास घेतला तर कामाचे वेढे ६७ च्या घरात येतात. मोकळी लांबी १३० मिमी, दाबून ५० मिमी. एवढी लांब स्प्रिंग वाकून पोटातून बाहेर येते, म्हणून तिच्यामधून दांडी किंवा बाहेरून नळी हवीच.

कमी वेढ्यांची ताठ स्प्रिंग स्वस्त दिसते, पण ती सुरुवातीला ४० न्यूटननं झडप घालते आणि शेवटी मरते. त्या सुरुवातीच्या झडपेसाठी सगळं यंत्र जाड करावं लागतं. मऊ आणि लांब स्प्रिंग हीच साधेपणाची पहिली गुंतवणूक आहे असं माझं ठाम मत आहे.

उद्यमनगरात ज्यांच्याकडे मी स्प्रिंगा करून घेतो ते मामा ऑइल इंजिनाच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा करत म्हातारे झाले. पहिल्या दिवशी त्यांनी माझं ड्रॉइंग बाजूला ठेवलं, तारेचं वेटोळं पुढे ओढलं, मायक्रोमीटर लावला आणि म्हणाले, "तुमचं शून्य सात हाय, माझ्या तारेत सात-दोन येतंय. चालंल का, ते आधी सांगा." मी चालेल म्हणणार होतो. हिशेब केला तर ०.७० ची ०.७२ झाली की चौथ्या घातानं जोर १२ टक्के वाढतो. २० न्यूटनचे साडेबावीस. तेव्हापासून ड्रॉइंगवर मी तारेच्या व्यासापेक्षा दोन लांब्यांवरचा जोर ठळक लिहितो: ५० मिमीला इतका, ८२ मिमीला इतका. तार कशी येईल तसे वेढे कमी-जास्त करायची मोकळीक मामांना. आणि दाबून ठेवायची स्प्रिंग आधीच पुरती दाबून बसवून घ्यावी, म्हणजे नंतर ती आपली लांबी सोडत नाही.

चौथी पायरी: जोराची वाट बोटानं फिरवा

या लेखातली महत्त्वाची पायरी ही. यंत्राचा उभा छेद मोठ्या कागदावर छापा. स्प्रिंगच्या मागच्या टोकावर बोट ठेवा आणि विचारा, हिचा जोर आत्ता, यंत्र कपाटात पडून असताना, कुणी पेललाय? बोट फिरवत फिरवत स्प्रिंगच्या पुढच्या टोकाला परत या. ज्या ज्या प्लॅस्टिकमधून बोट गेलं ते सगळं पुढची दोन-तीन वर्षं रात्रंदिवस ओझ्याखाली आहे. धातूला त्याचं काही नसतं. प्लॅस्टिक मात्र सतत दाबाखाली हळूहळू सरकतं.

माझ्या पहिल्या नमुन्यात दट्ट्याला धरून ठेवणारी प्लॅस्टिकची दोन बोटं होती, बारीक, वाकणारी, आणि सगळा जोर त्या वाकण्यावर. मे महिन्यात चार नमुने वर्कशॉपच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून मी गावाला गेलो. पत्र्याचं छप्पर, खाली तो ड्रॉवर. आठवड्यानं उघडला तर एका नमुन्याचा दट्ट्या पुढे जाऊन बसलेला. कुणी हात लावला नव्हता. बाकीच्या तिघांची बोटं भिंगाखाली पाहिली तेव्हा टोकं बाहेर झुकलेली, खाचेच्या कडेवर जेमतेम तीन दशांश मिमी पकड उरलेली. आत औषध असतं आणि ते कुणाच्या घरी झालं असतं, या विचारानं त्या रात्री झोप आली नाही.

जाड बोटं करणं हा उपाय नव्हता. जाड केली की ती सोडताना जास्त जोर लागतो आणि तो जोर रोग्याच्या हातातून येतो. उपाय वाटेत होता. आता मागच्या झाकणालाच दोन बोटं आहेत, ती दट्ट्याच्या खाचेत अडकतात, आणि पुढच्या नळीचं मागचं टोक त्या बोटांना बाहेरून कवटाळून बसतं. बोटं उघडायला जागाच नाही. स्प्रिंगचा उभा जोर बोटांच्या लांबीतून ताणात जातो, वाकण्यात नाही, आणि बाहेरच्या बाजूचा थोडा जोर नळीच्या बंद कड्यावर जातो. यंत्र कातडीवर दाबलं की नळी मागे सरकते, तिच्यातली खिडकी बोटांसमोर येते, बोटं आपोआप बाहेर उघडतात आणि दट्ट्या सुटतो. सुईला झाकणारा, खटका सोडणारा आणि खटक्याला कुलूप लावणारा पार्ट एकच झाला.

यात एक कोन जपायचा असतो. बोट आणि खाच जिथे टेकतात तो पृष्ठभाग अगदी काटकोनात ठेवला तर खिडकी आली तरी बोटं उघडत नाहीत, घर्षणानं तशीच बसतात. घर्षणाचा गुणांक ०.२ धरला तर काटकोनापासूनचा उतार ११ अंशांच्या खाली असताना ती अडकणारच. ४५ अंश केला तर बोटं कड्यावर एवढी जोरात दाबतात की नळी सरकवायला ताकद लागते. मी ३० अंशांवर थांबलो: २० न्यूटनच्या स्प्रिंगला बाहेरचा जोर घर्षण न धरता ११.५ न्यूटन, आणि त्यातून नळी सरकवायला लागणारं घर्षण २.३ च्या आसपास. हे आकडे तुमच्या प्लॅस्टिकच्या जोडीवर बदलतील. अॅसिटलवर अॅसिटल घासू देऊ नका, किरकिरतं आणि झिजतं. एक अॅसिटल, एक पॉलिकार्बोनेट अशी जोडी बरी चालते.

पाचवी पायरी: आता पार्ट मोजा

बूथ्रॉइड आणि ड्यूहर्स्ट यांची जुळणीसाठी डिझाइन करायची पद्धत प्रसिद्ध आहे. तिचा गाभा तीन प्रश्नांचा. हा पार्ट शेजारच्या पार्टच्या तुलनेत हलतो का? त्याला वेगळंच मटेरियल लागतं का? तो वेगळा नसेल तर बाकीची जुळणी अशक्य होते का? तिन्हीला नाही आलं तर तो शेजाऱ्यात मिसळता येतो. माझे ९ उरले ते असे: मुख्य नळी, मागचं झाकण, पुढची नळी आणि तिची स्प्रिंग, दट्ट्या, मुख्य स्प्रिंग, सिरिंजला धरून ठेवणारा पाळणा, टोपण, टोपणाच्या आतला पत्र्याचा पंजा.

हे प्रश्न आंधळेपणानं लावू नका. सिरिंजचा पाळणा हलत नाही, मटेरियलही वेगळं नको, म्हणून मी तो मुख्य नळीत मिसळला. कागदावर ८ पार्ट. मोल्ड करणाऱ्या दादांनी ड्रॉइंग पाहून मान हलवली, तरी माझ्या हट्टासाठी केलं. आत शंभर मिमीहून लांब, बारीक कोअर (नळीची पोकळी घडवणारी मोल्डची दांडी), दोन बाजूंनी स्लायडर (मोल्डचे आडवे सरकणारे तुकडे). पहिल्या शॉटमध्येच, म्हणजे मोल्ड पहिल्यांदा भरतानाच, प्लॅस्टिकच्या दाबानं कोअर एका बाजूला झुकला, नळीची भिंत एकीकडे १.५ तर दुसरीकडे १.१ मिमी. थंड होताना नळी केळ्यासारखी वाकली. पाळणा परत वेगळा केला. दोन साधे मोल्ड, स्लायडर नाही, आणि शॉटचा वेळ कमी. पार्ट मोजताना मोल्डच्या हालचालीही मोजाव्यात हे तिथे शिकलो.

स्लायडर टाळायची एक युक्ती आपल्याकडच्या सगळ्या टूलरूमना माहीत आहे, पण डिझाइन करणारे विसरतात: पार्ट एकमेकांत अडकवणाऱ्या प्रत्येक हुकाच्या बरोबर खाली आरपार खिडकी ठेवा, म्हणजे हुकाची खालची बाजू सरळ कोअरनंच तयार होते. भिंत सगळीकडे सारखी, रिब, म्हणजे आधाराची पट्टी, भिंतीच्या निम्म्याच्या आसपास, पार्ट मोल्डमधून सुटावा म्हणून उतार किमान अर्धा अंश. आणि हुकाची लांबी. हुक वाकताना प्लॅस्टिकवर येणारा ताण निघतो दीडपट जाडी गुणिले वाक, भागिले लांबीचा वर्ग. जाडी १.२, वाक ०.८, लांबी ८ मिमी असेल तर २.२५ टक्के. लांबी १० केली की १.४४. दोन मिमी लांबी फुकट मिळते, ती घ्या.

सहावी पायरी: काच कुठे टेकवायची

सुई कातडीत किती खोल जाते हे मापांच्या साखळीवर ठरतं. प्रत्येक कडीचं माप किती मिमी कमी-जास्त येऊ शकतं, ते उदाहरण म्हणून असं धरू: काचेची सिरिंज ±०.५, तीन प्लॅस्टिक पार्ट प्रत्येकी ±०.१, हुकांच्या जोडातला सैलपणा ±०.१५. सगळं वाईटात वाईट एकदम आलं तर ±०.९५ मिमी. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं तर ±०.५५. आता दोन प्लॅस्टिक पार्ट काढून टाका. वर्गमुळाच्या हिशेबात ±०.५३ उरतात. दोन मोल्ड वाचले, पण खोलीत काही फरक नाही, कारण साखळीतली सगळ्यात जाड कडी काच आहे.

काच मागच्या कडेवर, म्हणजे बोटं टेकवायच्या त्या पसरट कंगोऱ्यावर, धरली तर नळीच्या सगळ्या लांबीचा फरक साखळीत येतो. पुढच्या खांद्यावर, जिथून नळी निमुळती होऊन सुईकडे जाते तिथे टेकवली, की तो फरक मागे जातो आणि सुईच्या टोकाला लागत नाही. शिवाय मागचा कंगोरा काचेची कमजोर जागा. स्प्रिंगचा जोर त्यावर आला की तडा तिथूनच जातो. खांद्यावर काच दाबाखाली राहते, आणि दाब काचेला मानवतो. इथे पार्ट एकही कमी झाला नाही. पण पाळण्यावरचे आतले दोन आधार, मागची रबरी गादी आणि तपासणीतली एक मोजणी गेली.

तशीच एक मोकळी जागा दट्ट्या आणि रबरी बूच यांच्यामध्ये असते. भरताना बूच थोडं पुढेमागे बसतं म्हणून ती ठेवावी लागते. ५ मिमी ठेवली तर २० न्यूटनची स्प्रिंग तेवढ्या अंतरात ०.१ ज्यूल घेऊन बुचावर आदळते; २ मिमीवर आणलं की ०.०४. काच फुटण्याची भीती या आकड्यात असते.

सातवी पायरी: टोपण

परत आत्याकडे. टोपण ओढताना हाताचा जोर कुठे जातो ते बोटानं फिरवा. टोपणातला पंजा सुईवरचं ताठ आवरण पकडतो, आवरण सिरिंजला ओढतं, सिरिंज पाळण्याला, पाळणा मुख्य नळीला, आणि नळी दुसऱ्या हातात. म्हणजे टोपण काढताना सिरिंज पुढे ओढली जाते, आणि टोचताना मागे ढकलली जाते. एकाच दिशेला धरून ठेवणारा पाळणा केला असेल तर टोपणाबरोबर सिरिंज हलते आणि सहाव्या पायरीतली सगळी मेहनत वाया.

फिरवून काढायचं टोपण मी बनवून पाहिलं आणि सोडलं. फिरताना रबरात रुतलेल्या सुईला पीळ बसतो, आणि दुखऱ्या मनगटाला तर पिळणंच सगळ्यात जड. आता टोपण सरळ ओढायचं आहे, पण त्याला मागच्या बाजूला रुंद ओठ आहे. बोटांच्या चिमटीत धरायचं नाही. अंगठ्याचा खालचा मांसल भाग ओठाला टेकवून ढकलायचं. आत्याच्या बोटांत जोर नाही, तळहातात आहे.

आणि टोपण बसलेलं असताना त्याची मागची कड पुढच्या नळीला सरकूच देत नाही. नळी सरकली नाही तर बोटं उघडत नाहीत. यंत्र खाली पडलं, पिशवीत दाबलं गेलं, तरी सुटत नाही. जुन्या यंत्रातलं फिरवायचं कुलूप इथे येऊन संपलं.

आठवी पायरी: आवाज आणि खिडकी

माणसाला दोनच गोष्टी कळायला हव्यात: सुरू झालं, संपलं. सुरुवातीचा टक् बोटं उघडताना आपोआप येतो. शेवटच्या आवाजासाठी मी आधी वेगळी पत्ती बसवली होती. आता दट्ट्याच्या मागच्या कडेवरची एक जीभ शेवटच्या दोन मिमीत झाकणाच्या धारेवरून सुटते. बाजूच्या खिडकीत रंगीत दट्ट्या भरून येतो, ते ऐकू कमी येणाऱ्यांसाठी. दोन आवाज वेगळे यायला हवेत, नाहीतर लोक पहिल्या आवाजालाच उचलतात आणि औषध कातडीवर सांडतं.

नववी पायरी: नमुने आणि चाचण्या

थ्रीडी प्रिंटरवर छापलेले नमुने हाताळायला चांगले, पण खटक्याची आणि हुकांची चाचणी त्यांच्यावर करू नका. थरांत छापलेलं प्लॅस्टिक वेगळंच वागतं. त्यासाठी एका वेळी एकच पार्ट पाडणारा अॅल्युमिनियमचा साधा मोल्ड काढा आणि प्लॅस्टिकच्या खऱ्या दाण्यातून शंभर-दोनशे पार्ट पाडा.

औषधाऐवजी ग्लिसरीन आणि पाणी वजनानं निम्मं-निम्मं मिसळा. २० अंशांना ते पाण्याच्या सहापट दाट असतं. अचूक तराजूवर भांडं ठेवून त्यात टोचा, वजनावरून मात्रा, घड्याळावरून वेळ. आयएसओ ११६०८-१ प्रमाणे हे थंड, नेहमीच्या आणि उष्ण हवेत करायचं: ५, २३ आणि ४० अंश. थंडीत वेळ किती लांबतो ते नीट पाहा. लोक घाईत फ्रिजमधून काढून लगेच टोचणारच. मग एक मीटर उंचीवरून कडक फरशीवर टाकायचं, आडवं, सुई खाली, सुई वर, आणि त्यानंतर परत मात्रा मोजायची.

खटक्यासाठी मात्र घाई चालत नाही. पहिल्या मोल्डचे पहिले पन्नास पार्ट स्प्रिंग भरून बाजूला ठेवा, अर्धे फ्रिजमध्ये, अर्धे ४० अंशांच्या पेटीत, प्रत्येकावर तारीख. जास्त उष्णतेत ठेवून वर्षांचं जुनेपण आठवड्यांत आणायचे हिशेब रबराला, चिकटपट्टीला बरे लागू पडतात. दाबाखाली सरकणाऱ्या प्लॅस्टिकवर मी त्यांच्या भरवशावर राहत नाही. दर महिन्याला पाच काढायचे, बोटांची खाचेवरची पकड भिंगाखाली मोजायची, मग यंत्र दाबून सोडायला लागणारा जोर लोड सेलवर, म्हणजे जोर मोजणाऱ्या साधनावर, पाहून लिहायचा. पकड कमी होत असेल तर आलेख आधी तीव्र आणि मग सपाट होत जातो. तो सपाट झाला नाही तोवर मोठ्या मोल्डची ऑर्डर देऊ नका. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात पकड सहा शतांश मिमी घटली, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात मायक्रोमीटरला काही सापडलं नाही. चौथ्या महिन्याचे पाच काढून मी मोल्डवाल्या दादांना फोन लावला.